घरी बसल्याचे पैसे

वॉशिंग्टनमध्ये सरकार बंद पडलं ते आम्हाला रेडिओवरून कळलं. माशांना कुणी कळवलं नव्हतं, त्यामुळे ते दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखे तोंडं वर करून खाण्याची वाट बघत होते.

आमचं मत्स्यबीज केंद्र सुपिरिअर सरोवराच्या काठावरच्या एका लहान गावात आहे. ट्राउट माशांची अंडी काढायची, पिल्लं वाढवायची आणि वसंतात सरोवरात सोडायची, हे आमचं काम. मी तिथे एकतीस वर्षं काढली. बायका फक्त ऑफिसात टायपिंग करायच्या त्या काळात मी छातीपर्यंतचे रबरी बूट चढवून हौदात उतरले. मला हसणारे सगळे माझ्याआधी निवृत्त होऊन गेले. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाहीये. म्हणजे, थोडी फुशारकी आहेच.

एरवी केंद्रात आम्ही सातजण. बंदच्या पहिल्या सकाळी टॉडने सगळ्यांना कॉफीच्या खोलीत बोलावलं. टॉड आमचा मॅनेजर. चाळिशीचाही नाही, दोन वर्षांपूर्वी दक्षिणेकडून बदलून आलाय आणि अजून थंडीत कान झाकायला विसरतो. बजेट मंजूर होईपर्यंत कुणालाच पगार नाही, असं त्याने सांगितलं. बाकीच्यांनी घरी बसायचं. पण मासे जगले पाहिजेत, म्हणून दोघं 'अत्यावश्यक' ठरले. त्यांनी कामावर यायचं. पगार त्यांनाही नाही, सरकार उघडलं की मागचा सगळा एकदम मिळेल.

"अत्यावश्यक म्हणजे फुकट," लायल म्हणाला. "माझी बायको मला लग्नापासून हेच सांगतेय."

सगळे हसले. टॉडसुद्धा हसला, पण त्याचाही पगार बंदच होता आणि मॅनेजर म्हणून ऑफिसात येणं चुकणार नव्हतं.

ते अत्यावश्यक दोघं म्हणजे मी आणि लायल बोशां. लायल माझ्याहून आठ वर्षांनी लहान, धिप्पाड आणि जिभेला हाड नसलेला. त्याला कामाला लावलं मी, मासा हातात कसा धरायचा ते शिकवलं मी, आणि तेव्हापासून तो मला बाईसाहेब म्हणतो. दोघांत मिळून एकाच माणसाचे तास मंजूर झाले होते, ते कसे वाटायचे ते तुम्हीच ठरवा, असं टॉड म्हणाला. आमच्यात ठरवण्यासारखं काही नव्हतं. केंद्रात पहिल्यापासून सगळं निम्मंनिम्मं चालतं. हौद निम्मे, सुट्ट्या निम्म्या, नाताळची सकाळ एक वर्ष त्याची आणि एक वर्ष माझी. तेव्हा रविवारपासून बुधवारी दुपारपर्यंत मी, आणि तिथून पुढे शनिवारपर्यंत तो. कुणावर अन्याय नको. या न्यायानेच आमचा घात केला, पण ते कळायला वेळ लागला.

हिवाळ्यात आमचं खरं काम माशांना खायला घालणं हे नसतं. खरं काम असतं पाण्याच्या तोंडाशी. ओढ्याचं पाणी जिथून आत येतं तिथे एक लोखंडी जाळी आहे. थंडी कडक झाली की पाण्यात बर्फाचा भुसा तयार होतो आणि जाळीवर चिकटून बसतो. पाणी अडलं की भोंगा वाजतो. भोंगा वाजला की हातातलं टाकून धावायचं, फळीवर उभं राहून लांब दांड्याच्या दांताळ्याने जाळी खरवडायची. तासभर पाणी थांबलं तर हौदातले सगळे मासे उलटे होतील, आणि त्यात वीस-वीस वर्षांच्या माद्या आहेत. त्यांच्यातल्या काहींना मी टॉडपेक्षा जास्त वर्षं ओळखते.

आता आर्नीचं सांगते, कारण त्याच्यामुळेच हे सगळं झालं.

आर्नी माझा नवरा. तीन वर्षांपूर्वी त्याला झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. चार-पाच शब्द उरलेत, त्यातले दोन शिव्या आहेत. वर्षभर मी त्याला घरी सांभाळला. मग माझी पाठ गेली, तेव्हा त्याला काउंटीच्या मुख्य गावातल्या शुश्रूषागृहात ठेवावं लागलं. गाडीने पाऊण तास. मी आठवड्यातून तीनदा जाते, त्याला सूप भरवते, दाढी करते. त्याला कुणी दुसऱ्याने दाढी केलेली चालत नाही, ब्लेड पाहिलं की तो हात झटकतो. तिथला बराचसा खर्च परभारे भागतो, पण आमच्या वाट्याची रक्कम दर महिन्याला माझ्या पगारातून जाते. पगार बंद झाला आणि ती थांबली. साठवलेलं होतं ते मागच्या उन्हाळ्यात छपरावर गेलं होतं.

शुश्रूषागृहाच्या ऑफिसातली मिसेस डफी भली बाई आहे. तिने मला खुर्ची दिली, दार लोटून घेतलं आणि मगच बोलली.

"मिसेस कोस्केला, मला तुमची अडचण कळते. पण मागच्या महिन्याचेही राहिलेत. खोलीसाठी माणसं रांगेत आहेत. या महिनाअखेरपर्यंत मी कसंतरी धरून ठेवते. त्यानंतर माझ्या हातात नाही."

"मग आर्नीचं काय?"

"जिथे जागा असेल तिथे हलवतील. सध्या एकाच ठिकाणी आहे." तिने गावाचं नाव घेतलं. आमच्यापासून चार तासांवर, आणि तेही रस्ता मोकळा असला तर. आमच्याकडे जानेवारीत रस्ता मोकळा असतो तो फक्त बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागे.

मी आर्नीची बोट विकायला काढली. भर हिवाळ्यात बोट विकायला काढणारी बाई बघून गावाने काय समजायचं ते समजून घेतलं. एकाने फोन केला तोही मोटरीसाठी, आणि त्याने सांगितलेला आकडा ऐकून मी फोन ठेवून दिला.

अशात बातमी आली की राज्य सरकार मदत करणार आहे. वॉशिंग्टनने पगार थकवलेल्यांना राज्याच्या खजिन्यातून बेकार भत्ता मिळेल, सरकार उघडून पगार हातात आला की तो परत करायचा. गावातल्या वाचनालयात राज्याची एक बाई येऊन बसणार होती. मी आणि लायल बुधवारी दुपारी, त्याची आणि माझी पाळी बदलायच्या वेळी, टॉडला तासभर माशांपाशी उभं करून दोघंही गेलो. आम्हाला वाटलं, काय तो कागद भरून टाकू आणि येऊ.

त्या बाईने नाक पुसत पुसत आमची नावं घेतली. तिला सर्दी झाली होती आणि सकाळपासून तिच्यापुढे माणसं संपत नव्हती. बंदरावरचे तटरक्षक, जंगलखात्याचे लोक, विमानतळावर बॅगा तपासणारी पोरं.

"या आठवड्यात काम केलं का?" तिने विचारलं.

"केलं," मी म्हटलं. "बुधवारपर्यंत."

"आणि तुम्ही?"

"मी बुधवारपासून," लायल म्हणाला. "आम्ही वाटून घेतलंय."

"दर आठवड्याला असंच?"

"दर आठवड्याला."

तिने पेन खाली ठेवलं. "मग नाही मिळणार. आमचा आठवडा रविवार ते शनिवार. त्यात तुम्ही निम्मा आठवडा काम केलंत म्हणजे तुमची कमाई भत्त्यापेक्षा जास्त झाली."

"कमाई कुठे झाली?" मी म्हटलं. "एक डॉलर मिळालेला नाही."

"मिळेल ना पुढे."

"कधी?"

"ते वॉशिंग्टनला विचारा, मला काय माहीत." ती चिडून नाही बोलली. दमून बोलली. "ज्या आठवड्यात काम केलंत त्या आठवड्याची ती कमाई. हातात आली नाही तरी. मी नियम केला नाही बाई, मी फक्त वाचून दाखवते."

"म्हणजे घरी बसलो असतो तर दिले असते?" लायलने विचारलं.

"हो."

"आणि थंडीत उभं राहून जाळी खरवडली म्हणून नाही?"

"तुमच्यातला एकजण पूर्ण आठवडा घरी बसला असता तर त्याला मिळाला असता. दोघांनी निम्मंनिम्मं केलंत, त्यामुळे दोघांनाही नाही. हे आज तिसऱ्यांदा सांगतेय. बंदरावरच्या दोघांनीही असंच वाटून घेतलंय."

बाहेर पडल्यावर लायल वाचनालयाच्या पायरीवरच हसत बसला. मला हसू आलं नाही. चार आठवडे आम्ही इतक्या इमानाने वाटणी केली होती की बुधवारी कधी तो दहा मिनिटं उशिरा आला तर तो शनिवारी दहा मिनिटं जास्त थांबायचा. आमच्यातल्या एकाने जरा स्वार्थीपणा केला असता तर आर्नीच्या खोलीचे पैसे सुटले असते.

परत केंद्रात येऊन टॉडला ऑफिसात पाठवलं. लायलने दोन कप कॉफी ओतली, वेलदोड्याच्या पावाचा शेवटचा तुकडा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "सरळ आहे, बाईसाहेब. तू घरी बस. मी पूर्ण आठवडा करतो."

"मी नाही बसणार."

"का?"

"तू बस. भत्ता तू घे."

"माझ्या बायकोचा शाळेतला पगार चालू आहे. आम्ही दोन वेळा जेवतोय. घ्यायचा तो तू घ्यायचा, आर्नीसाठी. यात विचार कसला करतेस?"

विचार नव्हताच. डोक्यात सणक होती. टॉडच्या टेबलावर एक कागद होता. त्यावर अत्यावश्यक कोण आणि नाही कोण हे लिहिलेलं, आणि अत्यावश्यकमध्ये पहिलं नाव माझं. एकतीस वर्षांत कुणी मला कशात पहिलं लिहिलं नव्हतं. आता तेच नाव खोडून खाली लिहायचं, मी नसले तरी चालतं असं माझ्याच तोंडाने म्हणायचं, ते मला जमत नव्हतं. शिवाय खरं सांगायचं तर मला वाटत होतं की मी नसले तर चालणार नाही. लायल चांगला आहे, पण एकट्याने पूर्ण आठवडा, आणि भोंगा दिवसातून तीनदा वाजला तर? माझ्या माद्या मेल्या असत्या.

"मी बोट विकेन," मी म्हटलं.

"कुणाला? सरोवर गोठलंय."

"तुझा काय संबंध?"

"काही नाही." लायल उठला. "आर्नीला चार तासांवर नेऊन टाकतील. तिथे त्याची दाढी कोण करणार ते ठरवून ठेव. मी जाळीपाशी आहे."

मी पाव खाल्ला नाही. त्याला माहीत होतं की मी खाणार नाही, तरी तो तिथेच ठेवून गेला.

दोन दिवसांनी टॉडचा फोन आला. मी आर्नीकडे निघायच्या तयारीत होते, एक बूट पायात होता.

"व्हर्ना, रविवारपासून तुम्ही घरी आहात," तो म्हणाला. "लायल पूर्ण आठवडा करेल."

"हे कुणी ठरवलं?"

"मी. सुरक्षिततेच्या कारणासाठी."

"कुणाच्या सुरक्षिततेच्या?"

टॉड कागदावरून वाचल्यासारखं बोलू लागला. फळीवर तुम्ही घसरून पडलात, एकदा नाही, दोनदा. गेल्या महिन्यात भोंगा वाजत होता आणि तुम्ही पलीकडच्या खोलीत बसून होतात, तुम्हाला ऐकूच आला नाही, लायल तेव्हा योगायोगाने आला म्हणून निभावलं. मोठ्या हौदाची एक झडप तुम्ही अर्धवट उघडी ठेवली होती. "एकट्या माणसाला तिथे ठेवायचं असेल तर तुम्हाला ठेवता येणार नाही," तो म्हणाला. "मला वाईट वाटतं."

"हे लायलने सांगितलं?"

"मी विचारलं, त्याने उत्तरं दिली."

माझं डोकं असं फिरलं की मी एकच बूट घालून अंगणात गेले आणि पुन्हा आत आले. फळीवर पडले होते, पण एकदाच, आणि तिथे बर्फ होता. बर्फावर कुणीही पडतं. भोंग्याची बॅटरी उतरली होती. झडपेला तर मी हातही लावला नव्हता. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर होतं आणि विचारायला कुणी नव्हतं. त्या संध्याकाळी आर्नीला सूप भरवताना मी चमचा इतक्या जोरात त्याच्या दातांवर आपटला की त्याने दोनपैकी एक शिवी मला दिली.

शनिवारी लायल दारात आला. हातात त्याच्या बायकोने केलेल्या, मांस भरून भाजलेल्या करंजीसारख्या पेस्ट्यांची पिशवी. मी त्याला आत घेतलं नाही.

"टॉडला काय सांगितलंस?"

"तुला कळलंय ना."

"खोटं सांगितलंस."

त्याने बुटावरचा बर्फ पायरीवर आपटून झाडला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "हो. खोटं सांगितलं. दुसरं काही केलं असतं तर तू बसली नसतीस. आता सोमवारी त्या राज्याच्या बाईकडे जा आणि भत्ता लावून घे. मग मला हव्या तेवढ्या शिव्या घाल."

"माझं नाव खराब केलंस तू."

"आर्नी आहे तिथे राहू दे. नावाचं मग बघू."

पेस्ट्यांची पिशवी त्याने कठड्यावर ठेवली. मी ती घेतली, कारण घरात दुसरं काही नव्हतं, आणि दार लावून घेतलं.

सोमवारी गेले. तीच बाई होती, सर्दी थोडी उतरली होती. आधी काम करत होतात, आता का नाही, असं तिने विचारलं. मी टॉडने दिलेला कागद पुढे केला आणि त्यातलंच माझ्या हाताने लिहून दिलं. वयामुळे व ऐकू कमी येत असल्यामुळे एकटीने काम करणं धोक्याचं. खाली सही केली. आयुष्यात सरकारला मी कधी पेन्सिलसुद्धा चोरली नव्हती, आणि इथे धडधडीत खोटं लिहून राज्याचे पैसे घेत होते. कान लाल झाले होते. ती बाई वाचून म्हणाली, "ठीक आहे, हे चालेल."

मग मी घरी बसले.

घरी बसणं म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. सकाळी उठून बूट घालायचे आणि पुन्हा काढायचे. खिडकीतून सरोवराकडे बघायचं, गोठलेलं आणि पांढरं. दर आठवड्याला राज्याला फोन करून बटणं दाबायची. यंत्र विचारायचं, या आठवड्यात काम केलं का. नाही. काम मिळालं असतं तर करू शकला असतात का. हो. हे 'हो' दाबताना मला दरवेळी वाटायचं की आता पकडतील. कुणी पकडलं नाही. पैसे आले. फार नव्हते, पण शुश्रूषागृहाला पुरेसे होते. मिसेस डफीने पावती देताना माझा हात धरला आणि म्हणाली, "बरं झालं हो." आर्नी त्याच खोलीत राहिला. मी घरी बसल्यामुळे आता रोज जात होते. त्याची दाढी इतकी गुळगुळीत कधीच नव्हती.

एवढं झालं तरी लायलचे आभार मी मानले नाहीत. तो एकटा राबत होता. त्याची बायको दुकानात भेटली तेव्हा म्हणाली, त्याचे खांदे धरलेत, रात्री कूस बदलवत नाही. मी म्हटलं, गरम पाण्याने शेक. मनात म्हटलं, भोग. मला त्याचा राग होता आणि त्याचं खाऊन, त्याच्या जिवावर, माझा नवरा जागेवर होता. दोन्ही एकदम खरं होतं आणि मी दोन्हीने दमले होते.

सरकार उघडलं. कुणी जिंकलं का हरलं, रेडिओवर बराच वेळ चाललं होतं, मी ऐकलं नाही. थकलेला पगार खात्यात जमा झाला. पाठोपाठ राज्याचा कागद आला, घेतलेला भत्ता परत करा. मी दुसऱ्याच दिवशी सगळा परत केला. ते पैसे बाहेर गेले तेव्हा मला अंघोळ केल्यासारखं वाटलं. खोटेपणाने घेतले होते, पण एक सेंटही ठेवला नव्हता.

सोमवारी कामावर गेले. सातही जण आले होते. कुणीतरी डोनट आणले होते. टॉडने मला ऑफिसात बोलावलं आणि दार लावून घेतलं. कुणी दार लावून घेतलं की आता मला धडकी भरते.

"व्हर्ना, तुमच्या कानांची तपासणी करून घेऊ," तो म्हणाला. "खर्च सरकारचा. आणि तोपर्यंत जाळीवर एकट्याने जायचं नाही. पिल्लांच्या खोलीत काम करा, तिथे उबही असते."

"टॉड, ते सगळं लायलने माझ्यासाठी रचलं होतं. मला भत्ता मिळावा म्हणून. तू एवढा भोळा कसा रे?"

टॉडने माझ्याकडे बघितलं. त्याच्या तोंडावर जे होतं ते मला आवडलं नाही. "लायलशी बोला," तो म्हणाला.

लायल जाळीपाशी होता. फळीवर पाय फाकवून उभा राहून दांताळं ओढत होता, हळू, खांदे सांभाळत. मी फळीच्या अलीकडे थांबले.

"आर्नीचं काम झालं," मी म्हटलं. "पैसे परत केले. आता गरज संपली. जा टॉडकडे आणि सांग की तू खोटं बोललास."

त्याने दांताळ्यावरचा बर्फ झटकला.

"लायल, ऐकतोस ना?"

"मी दोनदा उत्तर दिलं," तो म्हणाला. आता तो वळून मोठ्याने बोलत होता. "टॉडशी मी खोटं नाही बोललो, व्हर्ना. तुझ्याशी बोललो."

मी फळीवर एक पाय टाकला आणि मागे घेतला.

"तुझ्या दारात. तू 'खोटं सांगितलंस' म्हणालीस आणि मी 'हो' म्हणालो, ते खोटं. नाही म्हणालो असतो तर तू दुसऱ्या दिवशी सकाळी इथे येऊन उभी राहिली असतीस. मला खोटं ठरवायला, या फळीवर, एकटी."

"मी एकदाच पडले होते."

"दुसऱ्यांदा पडलीस तेव्हा मीच उचललं तुला. तू म्हणालीस, टेकले होते."

"आणि बॅटरी?"

"बॅटरी चांगली होती." तो दांताळ्यावर रेलला. दमलेला होता, म्हातारा दिसत होता. "मागचा सगळा हिवाळा, आणि त्याच्या आधीचा निम्मा, तुझी पाळी असेल तेव्हा मी शाळेच्या रस्त्याने न जाता इकडून जातो. बायकोला सोडायच्या आधी येऊन जाळी साफ करून जातो. भोंगा वाजायची वेळच येऊ नये म्हणून. टॉडने विचारलं नसतं तर मी बोललो नसतो. पण आर्नीचं असं झालं, मग म्हटलं आता बोलावंच."

दोन वर्षं मी सगळ्यांना सांगत होते की हिवाळे पूर्वीसारखे राहिले नाहीत, माझ्या पाळीत भोंगा फारसा वाजतच नाही.

त्याला काहीतरी म्हणायला हवं होतं. आभार, किंवा शिवी. पाणी जाळीतून वाहत होतं, एवढं मला दिसत होतं. मी पिल्लांच्या खोलीकडे निघाले. मागून त्याने हाक मारली असेल तर मला माहीत नाही.

राज्याला मी खोटं लिहून दिलं, याची मला इतके आठवडे लाज वाटत होती. बटणं दाबताना, पावती घेताना, आर्नीच्या गालावरून हात फिरवतानासुद्धा. त्या कागदावर मी लिहिलेला शब्द न शब्द खरा होता. खोटं लिहिल्याची ती लाज यापेक्षा परवडली असती.